आपण सिद्दीचे का?

माझा नातू चौथीत आहे. चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास असतो. एके दिवशी वर्गात जंजिऱ्याचा विषय निघाला आणि शेजारच्या बाकावरच्या मुलानं त्याला विचारलं, "जंजिरा तुमचाच ना रे?" विचारणाऱ्या पोराच्या मनात काही वाईट असेल असं मला वाटत नाही. नऊ-दहा वर्षांची मुलं ती. पण नातू घरी आला तो गप्प गप्पच. रात्री जेवणं झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "नाना, आपण सिद्दीचे का?"

मी म्हटलं, "उद्या सांगतो." उद्याचा परवा झाला. मला नीट उत्तर येत नव्हतं, हे खरं. 'हो' म्हणावं तर सिद्दीनं जे जे केलं त्याचा जाब त्या पोराच्या माथी येणार. 'नाही' म्हणावं तर मग आपण कोण, हा पुढचा प्रश्न आहेच. आणि साडेतीनशे वर्षं अजिंक्य राहिलेल्या किल्ल्याचा थोडासा अभिमान माझ्याही मनात कुठेतरी दडलेला होता, तोही मला सोडवत नव्हता.

खारघरमध्ये आम्ही चौघं-पाचजण सकाळी सेंट्रल पार्ककडे फिरायला जातो. सिडकोनं वसवलेलं हे गाव. बेलपाडा, कोपरा, ओवे, मुर्बी ही मूळची गावं आणि त्यांची शेतं-खाजणं. त्यांवर सेक्टर उभे राहिले. बाकी आम्ही सगळे कुठून कुठून आलेले, म्हणून इथं ओळख झाली की पहिला प्रश्न असतो, "तुम्ही मूळचे कुठले?" आमच्यातले मास्तर तेवढे इथलेच, आगरी, हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झाले. वकीलसाहेब डोंगरीत जन्मलेले. तिसरे आमचे नाखुदा. व्यापारी जहाजावर तीस वर्षं काढली म्हणून आम्ही त्यांना त्याच नावानं हाक मारतो. त्यांचं घर श्रीवर्धनला, माझं म्हसळ्याकडे. नातवाचा प्रश्न मी तिथं सांगितला. मास्तर म्हणाले, "पुस्तकात बघून सांगू नका. जागेवर जाऊन बघू या. शनिवारी मुंबई, रविवारी जंजिरा."

"मुंबई कशाला?" मी विचारलं.

"सिद्दी मुंबईतही येऊन गेलाय. वर्षभराहून जास्त मुक्कामाला होता."

शनिवारी सकाळी खारघर स्टेशनवर हार्बरची गाडी पकडली. वाशीची खाडी ओलांडून गाडी मानखुर्द, कुर्ला, वडाळा करत शिवडीला आली तेव्हा मास्तरांनी खिडकीतून बोट दाखवलं. "इथं उतरला तो." १६८९ साली सिद्दी कासिम, ज्याला मोगलांनी याकूतखान हा किताब दिला होता, तो आपलं आरमार घेऊन शिवडीला उतरला. आज त्याच शिवडीतून २१.८ किलोमीटरचा अटल सेतू निघतो आणि समुद्र ओलांडून आमच्या बाजूला उतरतो. त्या दिवसांत मुंबई इंग्रज कंपनीची होती. कंपनीचा मुख्य अधिकारी सर जॉन चाइल्ड यानं औरंगजेबाची जहाजं पकडण्याचा उद्योग केला आणि बादशहानं आपल्या आरमाराच्या सरदाराला मुंबईवर पाठवलं. माझगाव, माहीम, शिवडी याकूतखानाच्या ताब्यात गेली. इंग्रज कोटाच्या आत कोंडले गेले. शेवटी कंपनीच्या वकिलांनी बादशहाची माफी मागितली आणि दीड लाख रुपये दंड भरण्याचं कबूल केलं. चाइल्ड १६९० च्या फेब्रुवारीत मुंबईतच मेला. जूनमध्ये याकूतखान परत गेला, आणि जाताना माझगावचा किल्ला उद्ध्वस्त करून गेला.

डॉकयार्ड रोडला आम्ही उतरलो. स्टेशनला लागूनच भंडारवाड्याची टेकडी आहे. वर जोसेफ बॅप्टिस्टांच्या नावाची बाग, खाली पाण्याचा साठा. माझगावचा किल्ला इथंच होता. आता त्याचा दगडही ओळखू येत नाही. वरून गोदी दिसते, क्रेन दिसतात, हार्बरच्या गाड्या दिसतात. मास्तर म्हणाले, "त्याच्या आधीही सिद्दी इथं यायचा. पावसाळ्यात आरमार कुठंतरी सुरक्षित ठेवायला लागतं. १६७० नंतर तो पावसाळा काढायला मुंबईच्या बंदरात यायचा. इंग्रजांना ते नको असायचं, कारण शिवाजी महाराज रागावतील. पण नाही म्हणायची सोय नव्हती, कारण औरंगजेब रागावेल. सिद्दीची माणसं माझगावात लोकांच्या घरात घुसून राहायची, त्याच्या तक्रारी कंपनीच्या कागदांत आहेत."

माझगावातली ती घरं कोणाची होती? कोळ्यांची, भंडाऱ्यांची, ख्रिस्ती झालेल्या कोकण्यांची, मुसलमानांची. सिद्दीच्या शिपायाला घर रिकामं करून देताना त्यांतल्या मुसलमानाला आपला माणूस आला म्हणून आनंद झाला असेल, असं मला काही वाटेना.

तिथून उतरून आम्ही शहराच्या पोटात शिरलो. डोंगरी, भेंडीबाजार, मोहम्मद अली रोड. हातगाड्या, टॅक्सी, पाठीवर गाठोडी घेतलेले हमाल, "बाजू, बाजू" असा सततचा ओरडा. खारघरच्या रुंद फुटपाथांची सवय झालेल्या आमच्या पायांना रस्ता म्हणून मिळेना. वकीलसाहेब मात्र गर्दीत शिरताच तरुण झाले. इथल्या गल्ल्यांत त्यांचं बालपण गेलं. १९९३ च्या जानेवारीनंतर घरच्यांनी खोली विकली आणि खाडी ओलांडली. त्याबद्दल ते फारसं बोलत नाहीत. त्या दिवशीही एका दरवाज्यासमोर थोडा वेळ उभे राहिले आणि "चला" म्हणाले.

मशीद बंदर स्टेशनजवळ त्यांनी आम्हाला एक कोडं घातलं. "या स्टेशनचं नाव कुठल्या मशिदीवरून पडलं?" आम्ही जामा मशीद म्हणालो, कोणी झकेरिया मशीद म्हणालं. त्यांनी सॅम्युएल स्ट्रीटवर नेऊन सिनेगॉग दाखवलं. १७९६ सालचं, मुंबईतलं सर्वांत जुनं. बांधणारा सामाजी हसाजी दिवेकर हा बेने इस्राएल समाजातला, कंपनीच्या फौजेतला अधिकारी. दिवेकर हे आडनावच सांगतं की माणूस कोकणातला. लोक त्या प्रार्थनास्थळाला जुनी मशीद म्हणत आणि तेच नाव स्टेशनला मिळालं असं सांगतात. कोकणातल्या मराठी ज्यूंच्या देवघरावरून पडलेलं मशीद हे नाव आज रेल्वेच्या पाटीवर आहे, आणि आपण ते वाचून वेगळाच अर्थ लावतो.

जोहरच्या नमाजला आम्ही क्रॉफर्ड मार्केटजवळच्या जामा मशिदीत गेलो. मास्तर तलावाच्या कट्ट्यावर बसून राहिले. ही मशीद एका जुन्या तलावावर उभी आहे. १८०२ साली ती पुरी झाली. कमानींच्या आधारे इमारत पाण्यावर तोललेली, आणि वजू त्याच तलावाच्या पाण्यानं. बाहेर एवढा कोलाहल आणि आत पाण्यात मासे फिरत असतात. वरचा मजला १८३७ मध्ये चढला, तो नाखुदा मोहम्मद अली रोघे यांच्या पैशानं. आमचे नाखुदा त्या नावापाशी थबकले. नाखुदा म्हणजे जहाजाचा धनी. कोकणी मुसलमानांची मुंबईतली पहिली मोठी पिढी ही अशी समुद्रावर वर आलेली. रोघ्यांची जहाजं व्यापारासाठी दूरदूर जात. तवारिखेत राजे आणि सरदार येतात. आपल्या समाजातल्या माणसाचं नाव आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा सापडलं ते असं, मशिदीच्या हिशेबात.

रात्री वकीलसाहेबांच्या मावसबहिणीकडे मुक्काम केला आणि रविवारी फजरनंतर भाऊच्या धक्क्यावर गेलो.

रेवसची लाँच सुटली तशी मुंबई मागं राहिली. वारा थंड, पाणी शांत. लाँचमध्ये मासळीच्या रिकाम्या टोपल्या, गावी निघालेली माणसं, एक नवरा-नवरी. नाखुदांनी हात वर केले आणि फातेहा पढली. आम्हाला कारण माहीत होतं. १७ जुलै १९४७ ला 'रामदास' बोट याच धक्क्यावरून रेवसला निघाली होती. दिव्याची अवस होती, चाकरमाने सणासाठी घरी चालले होते. वाटेत वादळानं बोट उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्य महिनाभरावर आलं होतं. कोकणातल्या किती घरांत त्या वर्षीच्या आनंदाला ही एक काळी किनार होती. नाखुदांच्या घरातलाही एकजण त्या बोटीत होता. समुद्रानं त्या दिवशी कोणाला नाव-गाव विचारलं नव्हतं.

रेवसला उतरून भाड्याची जीप केली. अलिबागच्या वाटेवर मास्तरांचा तास सुरू झाला. थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटं आहेत. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तटबंदी घालायला घेतली. मुंबईच्या तोंडावरच किल्ला होतो म्हणून इंग्रजांची जहाजं आली, मागोमाग सिद्दीचं आरमार आलं. बेट राखलं ते मायनाक भंडारी आणि दौलतखान या दोघांनी. दौलतखान हा महाराजांच्या आरमाराचा मुसलमान सरदार. पुढं सिद्दीनं शेजारच्या उंदेरीवर ठाणं बसवलं आणि दोन बेटं एकमेकांवर तोफा डागत राहिली.

"याहून चमत्कारिक एक आहे," मास्तर म्हणाले. "सिद्दी संबल हा मोगलांचा आरमारप्रमुख. त्याला काढून ती जागा कासिमला दिली. संबलचा नातलग सिद्दी मिस्री मराठ्यांना येऊन मिळाला. संभाजीराजांच्या काळात तो मराठी आरमारातून कासिमशी लढला आणि त्याच लढाईत जबर जखमी होऊन मेला. सिद्दीविरुद्ध सिद्दी. आता तुमच्या नातवाला सांगा, कोण कोणाचा."

कामार्ली गाव याच टापूत. १७३६ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेनं सिद्दी सात याला इथंच लढाईत मारलं. सिद्दी सात म्हणजे अंजनवेलचा ठाणेदार. १७२७ मध्ये त्यानं चिपळूणजवळचं परशुरामाचं देवस्थान उद्ध्वस्त केलं होतं. मास्तर हे सांगताना जरा अडखळले, आमच्या तोंडाकडे पाहिलं. मी म्हटलं, "मास्तर, अडखळू नका. केलं ते केलंच." मग त्यांनी पुढचंही सांगितलं. त्या देवस्थानचे ब्रह्मेंद्रस्वामी, आणि त्यांचा जंजिऱ्याच्या सिद्दीशी आधी चांगला घरोबा होता. देवस्थानाला सिद्दीकडून उत्पन्नही होतं. सिद्दी सातच्या या कृत्यानं तो तुटला. पेशव्यांनी सिद्दीवर मोहीम काढली खरी, पण मोहिमेच्या अखेरीस जंजिऱ्याच्या गादीवर त्यांनी हक्कदार धरला तो सिद्दी अब्दुल रहमान. गादी सिद्दीचीच राहिली.

दुपारी राजपुरीच्या जेटीवर पोचलो. समोर पाण्यातून वर आलेला जंजिरा. जझीरा या अरबी शब्दाचा अर्थच बेट. बुरूज एकोणीस, तट थेट पाण्यातून उठलेला, दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. निळं पाणी, पलीकडे हिरवे डोंगर, दूर समुद्रात महाराजांनी सिद्दीच्या नाकावर टिच्चून बांधलेला पद्मदुर्ग. नजर हलत नाही अशी जागा.

शिडाच्या होडीत तीस-चाळीस माणसं होती. त्यांत तरुणांचा एक घोळका घोषणा देत होता. आमच्या नाखुदांच्या दाढी-टोपीकडे पाहून त्यांतला एकजण जरा जास्तच जोरात ओरडला. मास्तरांचा चेहरा उतरला. होडीवाला राजपुरीचाच मुसलमान, सुकाणू धरून बसलेला. तो शांतपणे म्हणाला, "बसून घ्या भाऊ, होडी हलते." पोरं बसली. पुढं उतरताना त्याच तरुणानं नाखुदांना हात देऊन पायरीवर घेतलं. "सांभाळून, काका," म्हणाला.

दरवाज्यावर दगडात कोरलेलं ते श्वापद आहे. पंजांत, तोंडात, शेपटीत हत्ती पकडलेले. आत कलालबांगडी, चावरी, लांडाकासम या तोफा, गोड्या पाण्याचे तलाव, पडके वाडे, मशीद. गाईड सांगत होता, किल्ला कुणालाच जिंकता आला नाही. ते बरोबर आहे, पण या बेटाची गोष्ट सुरू होते ती कोळ्यांपासून. राम पाटील नावाच्या कोळ्यानं इथं लाकडी मेढेकोट उभारला होता, तो निजामशाहीच्या सरदारानं दगा करून घेतला अशी कथा आहे. दगडी किल्ला नंतरचा. त्यावर नेमले गेले ते हबशी अंमलदार.

हबशी म्हणजे पूर्व आफ्रिकेतून आणलेली माणसं, बहुतेक गुलाम म्हणून विकली गेलेली. दख्खनमध्ये त्यांतले काही मनगटाच्या जोरावर वर चढले. मलिक अंबर हा त्यांतला सर्वांत मोठा. १६२६ मध्ये तो वारला, खुलदाबादला त्याची कबर आहे. जंजिऱ्याच्या सिद्दींची कुळी हीच. त्यांच्यात बापामागून लेक असा वारसा फार काळ नव्हता. जो कर्तबगार, तो पुढं येई. १६७० च्या सुमारास फत्तेखान सिद्दी शिवाजी महाराजांशी तह करून किल्ला द्यायला तयार झाला, तेव्हा संबल, कासिम आणि खैरियत या तिघांनी त्याला कैद केलं आणि मोगलांची चाकरी पत्करली. किल्ला स्वराज्यात येता येता राहिला तो एवढ्यासाठी. १६७१ च्या होळीच्या रात्री कासिमनं समोरची दंडाराजपुरी मराठ्यांकडून परत घेतली. पुढं १६८२ मध्ये संभाजीराजांनी खाडीत भराव घालून बेटापर्यंत वाट करायचा प्रयत्न केला. मोगल फौज कोकणात उतरल्यानं तोही सोडावा लागला.

या सगळ्यात धर्म कुठं होता? होताही आणि नव्हताही. पद्मदुर्गाला रसद पोचवण्यात कुचराई करणाऱ्या आपल्याच सुभेदाराला महाराजांनी १६७५ मध्ये खरमरीत पत्र लिहिलं. हबशांना सामील झालात काय असा संशय घेतला आणि ब्राह्मण म्हणून गय करणार नाही असं बजावलं. हे पत्र प्रसिद्ध आहे. महाराजांना धन्याशी इमान राखणारा माणूस हवा होता.

आणि कासिम? खाफीखान हा मोगलांच्या बाजूचाच इतिहासकार. तोच लिहितो की दंडाराजपुरीनंतर कासिमनं आसपासचे मराठ्यांचे कोट घेतले आणि एका कोटातून अभयाचं वचन घेऊन जी सातशे माणसं बाहेर आली, त्यांतले पुरुष त्यानं मारले, मुलं आणि तरुण स्त्रिया गुलाम केल्या, त्यांचा धर्म जबरदस्तीनं बदलला. वचन देऊन मोडलं. कुराण तर वचन पाळायला सांगतं. ज्याच्या वाडवडिलांना कुणीतरी असंच बाजारात उभं केलं असेल, त्यानं दुसऱ्यांच्या मुलांना गुलाम करावं, हे मला त्या तटावर उभं राहून फार लागलं. घरून निघताना जो थोडासा अभिमान मी बरोबर घेतला होता, तो तिथंच ठेवला.

परतताना खोकरीला थांबलो. राजपुरीपासून जवळच, झाडीत सिद्दींच्या तीन घुमटदार कबरी आहेत. मोठी सिरूलखानाची, लहान दोन खैरियतखान आणि याकूतखान कासिमच्या. आदल्या दिवशी ज्यानं उद्ध्वस्त केलेल्या किल्ल्याच्या टेकडीवर आम्ही बसलो होतो, तो इथं निजला आहे. कुठं माझगाव आणि कुठं ही झाडी. मुंबईला वर्षभराहून जास्त हादरवणाऱ्या माणसाच्या उशाशी एक शेळी चरत होती. आम्ही दुआ मागितली. कबरीवर उभं राहून हिशेब मागायचा नसतो. हिशेब घेणारा वेगळा आहे. मास्तरही चपला काढून, हात जोडून उभे होते.

जीपमध्ये माझे आजोबा आठवले. आमचं म्हसळं हे जंजिरा संस्थानातच होतं. मुरूड, म्हसळं, श्रीवर्धन, सगळा नवाबाचा मुलूख. पेशव्यांचे मूळपुरुष बाळाजी विश्वनाथ यांच्या घराण्याकडे श्रीवर्धनची देशमुखी होती, तेही एके काळी सिद्दीचेच वतनदार. जाच झाला तेव्हा गाव सोडून घाटावर गेले. माझे आजोबा मात्र गाव सोडून कुठं जाणार? भातशेतीचा सारा नवाबाच्या कचेरीत भरायचा, पाऊस संपला की मुंबईला जाऊन जहाजावर खलाशी व्हायचं. शेजारचा कोळी, आगरी, कुणबी तेच करायचा. नवाब आमच्या नमाजला उभा राहत असेल, पण साऱ्यात सूट काही देत नव्हता. १९४८ च्या सुरुवातीला नानासाहेब पुरोहित आणि मोहन धारियांच्या लोकसेनेनं म्हसळं घेतलं आणि त्याच साली संस्थान विलीन झालं. आमच्या घरात नवाबासाठी कोणी रडल्याचं मी कधी ऐकलं नाही.

सिद्दींचे जातभाई आजही आहेत. कर्नाटकात कारवारच्या जंगलपट्ट्यात, गुजरातेत गीरच्या भागात. मजुरी करतात, शेती करतात. कोणी मुसलमान, कोणी हिंदू, कोणी ख्रिस्ती. कारवारकडच्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो २००३ मध्ये. किल्ला काही घराण्यांना लाभला. बाकीच्यांच्या वाट्याला जंगल आलं.

रात्री दहाला खारघरला पोचलो. नातू जागाच होता. त्याला जवळ घेऊन म्हटलं, "बाळा, आपण सिद्दीचे नाही. आपण सिद्दीची रयत. तुझ्या वर्गातल्या त्या मित्राचं गाव कुठलं?"

"मुरूडच्या बाजूचं. बोर्ली-मांडला."

"मग तीही सिद्दीचीच रयत. त्याचे पणजोबा आणि तुझे पणजोबा एकाच कचेरीत सारा भरायचे."

त्यानं थोडा विचार केला. "मग जंजिरा कोणाचा?"

"आधी कोळ्यांचा होता. मग निजामशहाचा, मग सिद्दीचा. आता सरकारचा. तिकीट काढून कुणीही बघावा."

दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन त्यानं सांगितलं की मित्राला सगळं सांगून झालं आहे, आणि मित्रानंही किल्ला अजून पाहिलेला नाही. सुट्टी लागली की दोघांना घेऊन जायचं ठरलं आहे. मास्तर येतो म्हणालेत. होडीत बसताना दोघांना शेजारी बसवीन.